दोरी किती सोडावी

९ जुलै

जावयाने भेट म्हणून गवत कापायचं यंत्र आणलं. लांब दांडा, मागे बॅटरी, खाली वाटीएवढं गोल डोकं, आणि डोक्याच्या दोन बाजूंनी नायलॉनच्या दोरीची दोन टोकं बाहेर आलेली. पातं नाही. मी विचारलं, "दोरीने गवत कापतं?" जावई म्हणाला, "बाबा, वेगाने फिरली की दोरीसुद्धा कापते." त्याला विज्ञानाची हौस आहे, म्हणून मी काही बोललो नाही.

मुलीने आणि जावयाने माझ्यातले गुण ओळखले याचा आनंद झाला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता डबे तरी जागेवर राहतील." निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघराची तपासणी करून डब्यांचा क्रम बदलला होता, तो राग अजून आहे. उभा जन्म तपासणी विभागात गेलेल्या माणसाला चुका दिसतात. त्याला तो काय करणार?

१० जुलै

यंत्राबरोबर माहितीपुस्तिका आली आहे. वाचली नाही. नोकरीत मी स्वतः अशा पुस्तिका लिहिल्या आहेत, त्यामुळे त्यात काय असतं ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटलो. ते दातांचे डॉक्टर आहेत, बोलतानाही समोरच्याच्या हिरड्यांकडे बघतात. आवारातलं गवत मी विनामूल्य कापीन असं सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. "तसंही माळ्याकडून काही होत नाही," म्हणाले.

ते खरंच आहे. आमच्या माळ्याला सगळे सावकाश म्हणतात. विळ्याने गवत कापायला बसला की एका टोकाचं कापून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचं वाढलेलं असतं. मधे विडी, मधे गप्पा. पंपाच्या खोलीला लागून त्याला एक खोली दिली आहे. त्याची बायको तिथेच सोसायटीचे कपडे इस्त्री करते. काम ठीक करते, पण तोंडाने फटकळ आहे.

१२ जुलै

कामाला सुरुवात. फाटकापासून पंपापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पेरू, अंजीर, डाळिंब अशी कोवळी झाडं लावली आहेत. गवत त्यांच्या बुंध्यापर्यंत माजलेलं. मोकळ्यावरचं कोणीही कापेल. कामाची सफाई दिसते ती बुंध्याशी. मी एकेका झाडाला गोल प्रदक्षिणा घालून गवताची काडी न् काडी उडवली.

सावकाश विळा मांडीवर ठेवून बघत होता. त्याचं काम गेल्याचा त्याला राग आला असावा. म्हणाला, "बरं झालं साहेब, माझी कंबर सुटली." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१५ जुलै

दोरी झिजून आखूड झाली. आता पुढे काय करायचं कळेना. डोकं उघडलं तर रीळ बाहेर पडलं, स्प्रिंग उडाली आणि दोरीचा गुंता जिन्यापर्यंत गेला. दुपार गुंता सोडवण्यात गेली. रिळावर एक बाण आहे. मी बाणाच्या उलट गुंडाळली, कारण तसं हाताला सोपं पडतं. सुरू केल्यावर दोरी बाहेर येईचना.

हिने पुस्तिका वाचली. म्हणाली, "अहो, बाण आहे त्या दिशेने गुंडाळायची. दोन पदर वेगवेगळ्या खाचांत, एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. आणि दोरी हवी असेल तेव्हा यंत्र चालू ठेवून डोकं जमिनीवर हलकेच आपटायचं. आपोआप सुटते." मी म्हटलं, मला हेच वाटत होतं.

१६ जुलै

आपटल्यावर खरंच दोरी सुटते. फार मजा येते. आज गरज नसताना पुष्कळ वेळा आपटली.

२० जुलै

एक गैरप्रकार उघडकीस आणला. आपटून दोरी सोडली की जास्तीची दोरी लगेच तुटून पडते. कारण शोधलं. डोक्यावरच्या संरक्षक कव्हरच्या कडेला एक धारदार पत्री बसवलेली आहे. दोरी ठराविक लांबीच्या पुढे गेली की ती पत्री उडवते. ग्राहकाची दोरी वाया घालवून त्याला नवीन दोरी घ्यायला लावण्याची ही युक्ती आहे. मी माझ्या काळात याहून बारीक लबाड्या पकडल्या आहेत.

पत्री काढली. पण मग कव्हरच मधे यायला लागलं, म्हणून कव्हरही काढलं. आता दोरी हवी तेवढी लांब ठेवता येते. एका जागी उभं राहून केवढा तरी घेर साफ होतो. यंत्र जरा घरघरतं आणि हाताला मुंग्या येतात, पण काम करायचं म्हणजे एवढं चालायचंच.

ही म्हणाली, "त्यांनी काही विचार करूनच बसवलं असेल ना ते?" भोळी आहे.

२३ जुलै

उजव्या बुटाचं टोक फाटलं. हल्ली बुटांना दर्जा राहिलेला नाही.

तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या खिडकीची काच फुटली. खडा लागला म्हणतात. त्या वेळी मी तिथेच काम करत होतो, पण खडा मारणारं कोणी दिसलं नाही. आवारात शिस्त उरलेली नाही हे मी अध्यक्षांच्या कानावर घातलं.

२ ऑगस्ट

दोरी ठिसूळ होऊन सारखी तुटत होती. दुकानदार म्हणाला, दोरी एक दिवस पाण्यात भिजत ठेवा, नायलॉन पाणी पितं आणि चिवट होतं. बादलीत भिजवली. हिला तीच बादली हवी होती, त्यावरून वाद झाला. पण दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं. दोरी आता अशी चिवट झाली आहे की बुंध्याला घासली तरी तुटत नाही.

शिवाय त्याच्याकडून जाड, चौकोनी कडांची दोरी आणली. तो म्हणाला, "ही तुमच्या यंत्राला जड जाईल, पण कापते छान."

११ ऑगस्ट

ही माझे मोजे धुवायला घेताना म्हणाली, "अहो, यातून सालीचे तुकडे निघाले. ओल्या सालीचे." मी म्हटलं, बागेत काम करणाऱ्या माणसाच्या मोज्यात काय मोती निघणार?

मग म्हणाली, "ती दोरी झाडांना तर लागत नाही ना?" मी तिला समजावून सांगितलं. नायलॉनची दोरी आहे. आपण कपडे वाळत घालायला हीच दोरी झाडाला बांधतो, तेव्हा झाडाला काही होतं का? तिने मोजे पालथे करून बादलीत टाकले.

२६ ऑगस्ट

फाटकाजवळच्या अंजिराची पानं पिवळी पडली आहेत. सावकाशला विचारलं, तर म्हणाला, "दृष्ट लागली असंल साहेब." या माणसाला झाडातलं काडीचं कळत नाही.

७ सप्टेंबर

अंजीर गेलं. पाठोपाठ दोन डाळिंबं मान टाकून उभी आहेत. वाटेवर चालताना वाईट वाटलं. ही झाडं लावली तेव्हा मुलगी माहेरी आली होती, तिनेच खड्ड्यांत माती लोटली होती. मी गवत काढून त्यांना मोकळा श्वास दिला आणि तरी ती जाताहेत.

१२ सप्टेंबर

रोग नाही. घातपात आहे.

आज भिंग घेऊन मेलेलं अंजीर तपासलं. जमिनीपासून चार बोटं वर, बुंध्याभोवती पूर्ण गोल, साल काढून टाकलेली, म्हणजे झाडाचा अन्नरसच तोडलेला. डाळिंबांचीही तीच तऱ्हा, तेवढ्याच उंचीवर. ज्याने हे केलं तो पद्धतशीर माणूस आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या झाडांभोवती माझं काम सगळ्यात स्वच्छ झालं आहे, नेमकी तीच झाडं त्याने निवडली आहेत. मला बदनाम करायचा हेतू उघड आहे.

अध्यक्षांनी एकसदस्यीय चौकशी समिती नेमली. सदस्य मी.

१३ सप्टेंबर

चौकशीचा पहिला दिवस. सकाळीच सावकाशच्या खोलीवर गेलो. त्याची बायको इस्त्री करत होती. मी विळा ताब्यात मागितला. ती इस्त्री उभी करून म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, चौकशी आहे. ती म्हणाली, "झाडं मरतात म्हणून आमचा विळा? झाडाला पाणी घालणारा माणूस झाड का मारंल?" मी म्हटलं, प्रश्न मी विचारायचे असतात.

विळ्याला चिकाचे डाग होते. अंजिराला चीक असतो. यालाच म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१९ सप्टेंबर

अध्यक्षांना तोंडी अहवाल दिला. हत्यार आहे, हेतू आहे, संधी आहे. माळ्याचं काम मी घेतलं म्हणून त्याने झाडांवर सूड घेतला. अध्यक्ष म्हणाले, "लेखी द्या. पुढच्या महिन्याच्या सभेत ठेवू. दोषी ठरला तर काम जाईल आणि खोली महिनाअखेर रिकामी करावी लागेल."

नवराबायको त्या खोलीत कित्येक वर्षं आहेत आणि तिचा इस्त्रीचा धंदाही त्या खोलीवरच चालतो. पण चौकशीत भावनेला जागा नसते. मी नोकरीत पुष्कळांच्या जागा घालवल्या आणि मला झोप नेहमी शांत लागली आहे.

२२ सप्टेंबर

हिने जेवताना विषय काढला. "तुम्ही आजारी होता तेव्हा तुमचा हात धरून जिन्यावरून कोणी उतरवलं होतं?"

"सावकाशने. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही."

"अहो, ती तुमची दोरीच आहे. मी किती वेळा सांगू?"

"पुरावा?"

"मोजे."

बायकोच्या साक्षीला मी कधीच महत्त्व दिलेलं नाही, पण अहवालात कसलीही शंका राहू नये म्हणून ठरवलं, सभेआधी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक करायचं. एका निरोगी झाडाभोवती आधी सावकाश विळ्याने गवत कापेल, मग मी यंत्राने. फरक ज्याचा त्याने बघावा. ही म्हणाली, "प्रात्यक्षिक राहू द्या हो. तुम्ही नुसतं थांबा." माझा विजय तिला बघवत नाही असं नाही, पण तिला समारंभ आवडत नाहीत.

काल रात्रभर जाड दोरी भिजत घातली होती. आज नव्याने रीळ भरलं, बाणाच्या दिशेने, पदरावर पदर न चढवता. इतकी नीट दोरी मी आजवर भरली नव्हती.

२८ सप्टेंबर

आज लिहायला हात वळत नाही. पण नोंद ठेवायची सवय आहे.

सकाळी पंपाजवळच्या पेरूपाशी सगळे जमले. अध्यक्ष, खजिनदार, शिक्षिकाबाई, वरच्या मजल्यावरचे लोक. ही मागे उभी. सावकाश बसला आणि त्याने विळ्याने गवत कापलं. फार वेळ लागला. खजिनदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बुंध्याशी गवताचे झुबके तसेच राहिले, कारण तिथे विळा घालायचा त्याला कंटाळा. पेरूला ओरखडासुद्धा नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं, आज लोक बघताहेत म्हणून तो जपून वागला.

मग मी यंत्र सुरू केलं. डोकं आपटून दोरी भरपूर सोडली. बुंध्याला गोल प्रदक्षिणा घातली, नेहमीसारखी, एक काडी ठेवली नाही. बंद करून मागे सरलो आणि म्हणालो, बघा.

सगळे बघत होते. मग मीही पाहिलं. पेरूची साल उडून खालचं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. ओलं होतं. मी खिशातलं भिंग काढलं, खाली बसलो, चार बोटं लावून उंची पाहिली. चार बोटंच होती. बुंध्याभोवती हात फिरवला, वर्तुळ पूर्ण होतं.

सावकाश माझ्याकडे बघत नव्हता. तो पेरूकडे बघत होता. म्हणाला, "याला औंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२९ सप्टेंबर

अध्यक्ष घरी आले. हिला म्हणाले, चहा नको. मला म्हणाले, "तपासनीस साहेब, मनाला लावून घेऊ नका. काल तिथे जे होते ते सगळे आपलेच होते. अहवालात माळ्याचंच नाव राहू द्या."

मी म्हणालो, "पण त्याने केलेलं नाही."

"ते खरं आहे. पण बागकामाच्या कंपनीशी बोलणं होऊन बसलंय. खोलीत व्यायामाची मशीन टाकायची असं सगळ्यांच्या मनात केव्हापासून होतं, नुसतं निमित्त मिळत नव्हतं. तुमच्या चौकशीने किती सोयीचं झालं. आता तुम्ही माघार घेतलीत तर तुमचीच शोभा."

म्हणजे मी चौकशी सुरू करायच्या आधीच निकाल लागलेला होता. मी फक्त त्याला भिंग लावत होतो.

ते गेल्यावर कोरा कागद पुढे घेतला. खरं सांगायचं तर मोह झाला. साऱ्या सोसायटीसमोर स्वतःचं नाव वाचायचं, या वयात. रोग म्हणून लिहावं, कोणाचंच नाव नको, असंही मनात आलं. ही न बोलता भाजी निवडत होती आणि ती न बोलता भाजी निवडते तेव्हा घरात बसवत नाही.

शेवटी लिहायला घेतलं. माझ्या अहवालातला कानामात्रा आजवर कोणा वरिष्ठाने बदललेला नाही. एका दातांच्या डॉक्टरने तो बदलावा हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

५ ऑक्टोबर

सभेत अहवाल वाचला. कारण: कव्हर आणि पत्री काढून टाकल्यामुळे वाजवीपेक्षा लांब राहिलेली, यंत्राला न पेलणारी जाड दोरी बुंध्याला घासली. दोषी: मी. माळ्याचा काहीही संबंध नाही. खजिनदार छताकडे बघत होते.

अध्यक्ष म्हणाले, अहवाल स्वीकारायचा की नाही यावर विचार करू. तेव्हा शिक्षिकाबाई उठल्या. "विचार कसला करायचा? आणि माझ्या खिडकीची काच कोणी फोडली तेही आता कळलं." लोक हसले. मग वरच्या मजल्यावरच्या बायका बोलायला लागल्या, माळी गेला तर आमच्या इस्त्रीचं काय? अध्यक्षांनी व्यायामाच्या मशीनचं नाव काढलं, पण सुरकुतलेले कपडे घालून व्यायामाला कोण जाणार असं कोणीतरी म्हणालं. माळ्याला ठेवायचं ठरलं. खोलीही त्याचीच.

घरी येताना हिने माझा हात धरला. एरवी जिन्यावर धरते, आज सपाट वाटेवर धरला. मला फार बरं वाटलं. आपण मोठी गोष्ट केली असंही वाटलं, ते लपवत नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी आनंदाची बातमी द्यायला मी स्वतः त्यांच्या खोलीवर गेलो. मनात होतं की तो पाया पडायला वाकेल आणि मी त्याला वरच्या वर उचलीन.

सावकाश बाहेर ओट्यावर विडी ओढत होता. आत भांडी पोत्यात बांधलेली, गाद्यांच्या वळकट्या भिंतीशी. त्याची बायको इस्त्रीचं टेबल उलटं करून त्याचे पाय दुमडत होती. मी म्हणालो, "बाई, ते सगळं सोडा आता. तुमचं काम राहिलं, खोलीही राहिली. चूक माझी होती. मी चुकलो."

ती म्हणाली, "हां, कळलं मला. काल बायका सांगून गेल्या."

"मग?"

"मग काय? माझ्या भावाच्या गावाला दुकानाची जागा बघितलीय. तिथं जातोय."

सावकाश ओट्यावरून म्हणाला, "मी म्हणतोय तिला, ऱ्हाऊ. ती ऐकत न्हाय साहेब." मी तिला पुन्हा सांगितलं की आता कोणाचाही संशय नाही, मी लेखी दिलं आहे, भर सभेत वाचलं आहे. तिने टेबलाचा पाय दुमडला आणि मान वर केली.

"साहेब, एक इचारू? झाडं मेली, तुम्ही चोर हुडकायला निघाला. फाटकापासून इथपर्यंत एवढी घरं. मग पहिल्याच दिवशी सकाळी आमच्याच दारात कसं आला?"

कोणीतरी प्रश्न विचारला की काहीतरी उत्तर द्यायचंच, या सवयीने मी म्हणालो, "अनुभवावरून."

"हां," ती म्हणाली. "आमचाबी अनुभव आहे."

मग ती टेबलाचे दुमडलेले पाय सुतळीने बांधायला लागली. एका हाताने जमेना. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. ती नको म्हणाली नाही. गाठ बसेपर्यंत मी ते धरून उभा राहिलो.